माळकऱ्याच्या घरातले एंजल

आत्याबाई, घरात मासे आणलेत. थांबा, लगेच पदर नाकाला लावू नका. खायला न्हाई आणले, बघायला आणलेत. बैठकीत तुमची बाज असायची त्या भिंतीला आता काचेची मोठी पेटी हाय. आत पाणी, पाण्यात हिरवी झाडं, वर लाईट, अन् त्यात मासे दिसभर हिकडून तिकडं फिरून राहतात. तुमी असत्या तर पेटीसकट आमा दोघांना उचलून बाजाराच्या मैदानात ठेवून आल्या असत्या, हे मला पक्कं ठाव हाय. तुमी जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पेटी आली त्या दिवशी मी आधी तुमच्या फोटूकडं बघितलं अन् मगच दार उघडलं. फोटूतल्या तुमी नेहमीसारख्याच रागात होत्या, पण बोलल्या काही न्हाईत.

हे सगळं तुमच्या लेकापायी झालं. जन्मभर एस्टीचं स्टेरिंग धरलेला माणूस. जवळा बाजार, औंढा, हिंगोली, परभणी, कधी मुक्कामी गाडी, कधी पहाटेची. घरात असले तरी अर्धं ध्यान घड्याळात. अन् एक दिवस डेपोनं हार घातला, नारळ दिला अन् घरी पाठवलं. सुरुवातीला बरं वाटलं. मग हे सकाळी उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा सदरा घालायचे अन् खुर्चीत ताठ बसायचे, भिंतीकडं तोंड करून. काही विचारलं तर एक तर ‘व्हय’, न्हाई तर ‘न्हाई’. मी विचारायची, "अहो, भाजी काय करू?" तर म्हणायचे, "व्हय." आता ह्या नावाची भाजी मी कोणत्या बाजारातून आणू? मी भांडून बघितलं, रुसून बघितलं. तुमी गेल्यावर या घरात भांडायला बराबरीचं माणूस उरलं न्हवतं, त्यात हे बी मुके झाले. खरं सांगते, मला लई भ्या वाटायचं. रिकामं घर मी सहन करंन, पण माणूस बसलेलं असून घर रिकामं वाटलं की जीव घाबरतो.

तुमची थोरली नात पुण्याला नोकरीला हाय. दिवाळीला आली, बापाकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, अन् म्हणली, "बाबाला भिंतीकडंच बघायचं असंल, तर भिंतीला बघण्यासारखं काहीतरी लावू की." हिंगोलीच्या दुकानात फोन केला अन् पेटी दारात. मी म्हणलं, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! गल्लीत तर बोभाटाच झाला. माळकऱ्याच्या घरात मासे! बाया दारातूनच विचारायच्या, "काहून वं, तुमच्या ह्यांनी माळ काढली का काय?"

दुकानदार पेटी लावून गेला. म्हणला, ही मिळूनमिसळून राहायची पेटी हाय, सगळ्या जातीचे एका जागी. गप्पी, काळ्या मॉली, निळ्या-लाल पट्ट्याचे बारीक टेट्रा, काच चाटत बसणारा एक काळा सकर, अन् एंजल. एंजल कसे दिसतात, सांगू? पतंग बघा. चपटं रुपेरी अंग, त्यावर काळे उभे पट्टे, वर-खाली लांब पर, अन् पोटाखाली दोन दोरे लोंबतात. बाकीचे मासे पळत राहतात, एंजल पाण्यात नुसते थांबतात. माणूस जवळ गेलं की काचेपाशी येऊन डोळ्यात डोळे घालून बघतात. हे पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले, अन् दिवेलागणीला आपणहून बोलले, "अगं, ह्या मोठ्याला राग लवकर येतो वाटतं." मला इतका आनंद झाला, आत्याबाई, भाकरी तव्यावर तशीच टाकून मी पळत आले. भाकर करपली. आमी दोघांनी ती करपलेलीच खाल्ली अन् जेवता जेवता माशांवर बोललो. त्या दिवसापासून ह्यांचं तोंड सुटलं. खाणं टाकताना काचेवर टिचकी मारून म्हणायचे, "चला, मागं सरका, मागं लई जागा हाय."

पण माळकरी तो माळकरीच. एकादशी आली अन् ह्यांनी माशांचा डबा उचलून फडताळात ठेवला. म्हणे, "या घरात आज कुणी जेवत न्हाई, मग हे काहून जेवतील?" मी म्हणलं, त्यांना काय कळतंय एकादशी? तर म्हणे, "कळू नये, पण पुण्य लागतं." वरून चिमूटभर भिजवलेला साबुदाणा सोडला. एंजलांनी तोंडात घेतला अन् थू करून टाकला. दुसऱ्या दिवशी हे आंघोळ करून, माशांचा उपास सोडायला म्हणून डबा घेऊन गेले, तर टेट्रांची निम्मी गँग गायब. झाडांखाली बघितलं, पंपाच्या मागं बघितलं. कुठंच न्हाई. अन् एंजलांची पोटं अशी टम्म! एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात, ते मी डोळ्यांनी बघितलं. दुकानदाराला फोन लावला तर तो हसता हसता खोकायला लागला. म्हणला, "काका, एंजलला उपाशी ठेवल्यावर तो बारका मासा सोडंल का? मूळचाच मांसाहारी हाय तो!" हे फोन ठेवून परत खुर्चीत ताठ बसले. मला वाटलं, गेलं, परत भिंत आली. पण हे हळूच म्हणले, "आई असती तर ह्यांना बी माळ घातली असती." अन् मग आमी जे हसलो, जे हसलो, डोळ्यांतून पाणी आलं. वाचलेले टेट्रा हिंगोलीला नेऊन दिले अन् त्यानंतर पेटीत एकादशी बंद झाली.

तुमचा धाक मात्र तुमच्या मागं बी या घरात तसाच हाय. तुमी असताना या उंबऱ्याच्या आत अंडं आलेलं कुणी बघितलं न्हाई, अन् तुमी गेल्यावर बी आणायची कुणाची हिंमत झाली न्हवती. थोरलीच्या वाढदिवसाला मी हौसेनं हिंगोलीहून केक आणला होता. तुमी डबा उघडला, वाकून वास घेतला. "अंडं हाय ह्याच्यात?" मी म्हणलं, असंल थोडंसं. "थोडंसं पाप नसतं पोरी, पाप म्हणजे पापच." अन् मेणबत्तीसकट केक भिंतीवरून शेजारच्या खालाच्या हातात. हिकडं लेकरू रडून राहिलं, तिकडं खालाच्या लेकरांनी ‘हॅपी बड्डे’ म्हणत केक कापला, अन् तुमी चुलीपाशी बसून शिरा हलवून राहिल्या. अन् ही तीच खाला, जिच्याशी तुमचं रोजचं भांडण. तिच्या कोंबड्या आपल्या वट्ट्यावर आल्या की तुमी झाडू घेऊन उठायच्या. "खाला, तुझी कोंबडी!" "बाई, तुझ्या वट्ट्याला काय सोनं लावलंय का?" गल्लीला ते बोलणं पाठ होतं. रेडिओ लावायची गरज न्हवती.

तर अशा या घरात, आत्याबाई, एंजलनी अंडी दिली. त्यांच्यात नर कोण, मादी कोण, वरून कळत न्हाई. एक दिवस दोघं बाजूला झाले अन् बाकीच्या सगळ्यांना एका कोपऱ्यात रेटून दिलं. मग फिल्टरची नळी तोंडानं घासायला लागले, सणाला आपण ओटा घासतो तशी. दुपारी बघते तर तिच्यावर राजगिऱ्याएवढी अंडी, रांगेनं चिकटवलेली, अन् दोघं आळीपाळीनं पंख हलवून वारा घालून राहिले. ह्यांना काय आनंद! भर बाजाराच्या दिवशी हे मैदानापर्यंत जाऊन सांगून आले. झालं, दिसभर घरात माणसं. कुणी काचेला नाक लावतंय, कुणी मोबाइलनं फोटो काढतंय, कुणी देवळाच्या कुंडात टाकतात तसे चुरमुरे टाकून राहिलंय. सकाळी उठून बघितलं तर नळी पुसल्यासारखी साफ. दुकानदार म्हणला, गर्दीला बिथरले की आई-बापच खाऊन टाकतात. आपलेच दात अन् आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? हे त्या दिवशी जेवले न्हाईत. मग परत अंडी झाली. या वक्ताला आमी दाराला कडी लावली, पेटीवर चादर टाकली, कुणाला आत येऊ दिलं न्हाई. पण आत तो सकर होताच, त्यानं चाटता चाटता अंडी बी चाटून टाकली. हे खुर्चीत बसले अन् म्हणले, "आता एकदा बघतो. आता होतील ती लेकरं जगली न्हाईत तर पेटी देऊन टाकू. आपल्या हाताला यश न्हाई, उगंच जीव जातात." म्हणणं साधं होतं, पण मला पटलं न्हाई. पेटी गेली की मागं काय राहणार? तीच भिंत.

तिसऱ्या वक्ताला ह्यांनी अंड्यांसकट नळीच काढली अन् वेगळ्या छोट्या पेटीत ठेवली, दुकानदारानं सांगितलं तसं निळं औषध टाकून, हवेचा पंप लावून. काही अंडी पांढरी पडली, ती खराब. बाकीच्यांना आधी शेपट्या आल्या. नळीला चिकटून नुसत्या वळवळायच्या, जित्या सुया. मग एक दिवस सगळी सुटली अन् पाण्यात ढग पसरावा तशी तरंगायला लागली. ह्यांनी मला हाक मारली ती अशी की मी लाटणं हातात घेऊनच आले. "बघ, बघ, चालायला लागली!" पण आता त्यांना खायला काय? डब्यातलं खाणं त्यांच्या तोंडात मावत न्हाई. दुकानदार म्हणला, बारीक जिवंत खाणं पुण्याहून मागवतो, पण यायला येळ लागंल, तोवर उपाशी मरतील. "तोवर असं करा काका, कोंबडीचं अंडं उकडा. आतला पिवळा बलक पातळ फडक्यातून पाण्यात गाळा अन् थेंब थेंब सोडा." ह्यांनी फोन खाली ठेवला अन् बोटं गळ्यातल्या माळेवर गेली. म्हणले, "आईच्या घरात?" अन् छोट्या पेटीकडं बघत तसेच बसून राहिले. मी म्हणलं, दुसरं काही देऊ, कणीक देऊ, दूध देऊ. तर म्हणले, "पाणी नासंल. जाऊ दे. राहू दे आता." जाऊ दे म्हणायची ती तऱ्हा मला भिंतीच्या दिवसांपासून चांगली वळखीची होती.

मी तशीच चप्पल घातली अन् खालाकडं गेले. म्हणलं, अंडं तिच्या घरात, तिच्या भांड्यात उकडू, बलक तेवढा वाटीत झाकून आणू. म्हणजे घर बी नीट, लेकरं बी नीट. खाला आता लई थकली हाय, पण जीभ तशीच. मी सगळं सांगितलं, अन् ती हसायलाच लागली, दात न्हाईत तरी खळखळून. म्हणली, "बैस गं. तू आज आलीस. तुझी सास तर कवाच येऊन गेली."

मला काही कळंना. म्हणलं, कशाला आल्या होत्या?

"अंड्याला! तुझ्या थोरलीच्या वक्ताला."

आत्याबाई, तो वक्त मला आठवतो. मला माय न्हवती, म्हणून पहिलं बाळंतपण बी तुमीच केलं, याच घरात. उठून बसलं की डोळ्यापुढं अंधारी यायची, दूध उतरत न्हवतं, अन् पोरगी इतकीशी, रडायला बी तिच्यात ताकद न्हाई. नर्सबाई म्हणली होती, हिच्या अंगात रगत न्हाई, अंडी द्या. तुमी तिच्या तोंडावर म्हणल्या, "आमच्यात चालत न्हाई," अन् विषय संपला. मी बाजेवर पडून ऐकत होते. पुढचं मला ठाव न्हवतं, ते खालानं सांगितलं.

"त्याच दुपारी भिंतीपाशी आली. मला वाटलं कोंबडीवरून भांडायला आली, मी बी कंबर कसून गेले. तर हळूच म्हणती, ‘खाला, एक अंडं दे. गरम दुधात घोट, हळद टाक, जायफळ टाक, वास नको यायला. भांडं तुझंच घे.’ मी म्हणलं, बाई, तुझी माळ? तर म्हणती, ‘माळ माझ्या गळ्यात हाय, तिच्या न्हाई. पाप लागलं तर मला लागू दे. पण तिला सांगू नको, तिच्या घशाखाली उतरायचं न्हाई. लेकरू जगलं पायजे.’ अगं, रोज दुपारी भिंतीवरून वाटी जात होती. अन् तेवढे दिवस ती स्वतः एकच येळ जेवली. मी विचारलं, काहून उपाशी राहतीस? तर म्हणती, ‘मला वर जाऊन तोंड दाखवायचं हाय.’ अन् दुसऱ्या दिवशी परत माझ्या कोंबडीवरून भांडली! मी म्हणलं, बाई, अगं त्याच कोंबडीचं अंडं खातीय तुझी सून! तर म्हणती, ‘अंड्याचं अंड्याजागी, वट्ट्याचं वट्ट्याजागी.’"

हळदीचं दूध! तुमी माझ्या उशाशी बसून म्हणायच्या, "नाक दाब अन् पी, ताकद येते," अन् वाटी रिकामी होईस्तोवर हलायच्या न्हाईत. जर्मनची, हलकी अल्युमिनियमची वाटी होती ती. आपल्या घरात सगळी पितळ, तरी मला एकदा बी वाटलं न्हाई की ही वाटी कुणाची. तुमी परसात बसून राखेनं हात घासत राहायच्या, तेव्हा मला वाटायचं, बाळंतिणीचं विटाळपण म्हणून घासतात. मनात म्हणायची, काय ही बाई, इतका कशाला विटाळ? आता खालाच्या ओसरीवर बसून मी हसत बी होते अन् रडत बी होते, अन् खाला माझ्या पाठीवर चापट मारून म्हणत होती, "येडी का काय तू, तिकडं लेकरं उपाशी हायत ना?" तिनं विचारलं, हितंच उकडू का? मी म्हणलं, "न्हाई खाला, कच्चंच द्या."

अंडं पदरात घेऊन मी आपल्या दारातून आत आले, उजळ माथ्यानं. ह्यांनी बघितलं, खुर्चीतून उठलेच. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हे ऐकत राहिले. म्हणले, "आई?" मग परत म्हणले, "आमची आई?" फोटूकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् मग विचारलं, "कोणत्या भांड्यात उकडतीस?" बस, तेवढंच. ज्या ओट्यावर तुमी जन्मभर नैवेद्य केला त्याच ओट्यावर मी पाणी ठेवलं, अन् हे घड्याळ घेऊन शेजारी उभे राहिले, गाडी सुटायची असल्यासारखे. फडक्यातून बलक पाण्यात सोडला, तर ती सुईएवढी लेकरं सगळीकडून धावली, अन् बघता बघता त्यांची पोटं पिवळी झाली. ह्यांनी भिंग आणलं होतं. भिंगातून बघत, लहान पोरावाणी ओरडले, "खाऊन राहिली! अगं, खाऊन राहिली!"

सगळी न्हाई जगली, पण लई जगली. पुण्याहून खाणं आलं, तरी मधूनमधून बलक देतोच, त्यांना आवडतो. हे सकाळ-संध्याकाळ पाणी बदलतात, कुणाला हात लावू देत न्हाईत. आता ती सदऱ्याच्या गुंडीएवढी झालीत, अंगावर बारीक पट्टे आलेत, अन् आई-बापासारखीच पाण्यात थांबून माणसाकडं रोखून बघतात. गल्लीत अर्ध्या घरांनी मागणी घातली हाय. हे पोरी द्याव्या तशी चौकशी करतात, पाणी कुठलं भरणार, एकादशीला खायला घालणार ना? पुण्याला फोनवर सांगितलं तर तुमची नात किंचाळली, "म्हणजे आजीनं मला अंडं खाऊ घातलं?" मी म्हणलं, तुला न्हाई, मला. ती म्हणली, एकच झालं. अन् हे? हे आता इतकं बोलून राहतात की मीच म्हणते, अहो, जरा श्वास घ्या.

हे सगळं तुमाला सांगावं वाटलं म्हणून दुपारच्या निवांत येळी लिहीत बसले. पाठवायचं कुठं, हे मला बी ठाव न्हाई. खालाला वाचून दाखवावं म्हणलं, पण तिला सगळं माझ्या आधीपासून माहीत. लिहून झालं की घडी घालून ठेवून देईन. फक्त एक सांगायचं राहिलं, ते ह्यांना बी सांगितलेलं न्हाई. लेकरांना बलक लागतो चिमूटभर, बाकीचं अंडं उरतं. हे म्हणतात, मांजरीला टाक. मी म्हणते, टाकते. काल ओट्यापाशी उभी राहून, वरून मीठ भुरभुरून, मीच खाल्लं. लई चांगलं लागतं हो, आत्याबाई. तुमी तर कधी चाखलं बी न्हाई.